विजयमालाबाईंचा डावा हात

कल्लप्पा बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. वरातीत टेम्पोवर त्याच्या मांडीशी एक जुना सिक्वेन्सर असे. पार्टीतले त्याला नुसता 'डबा' म्हणत. डब्यात आवाज नसतो. कोणती पट्टी कधी दाबायची, कधी सोडायची, एवढंच फ्लॉपीवरून त्याला सांगायचं. तो कीबोर्डकडून तसं वाजवून घेतो.

आज डबा आणि कीबोर्ड घेऊन तो विजयमालाबाईंच्या घरी आला होता.

बाई शाळेत संगीत शिकवायच्या. कल्लप्पाच्या बोटांना पहिलं वळण त्यांनीच लावलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं त्यांचा डावा हात गेला आणि पियानोवर अभ्रा चढला. उद्या सकाळी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. बाईंनी वाजवावं असा सगळ्यांचा आग्रह, आणि बाई नाहीच म्हणत होत्या. कल्लप्पाच बोलून गेला होता, "डावा हात माझा डबा वाजवील की, बाई. तुमी उजवा वाजवा." त्या एका वाक्यावर बाईंनी महिनाभर उजवा हात घोटला होता.

जुनी पाश्चात्त्य रचना होती. बाईंच्या सुनेनं, सृष्टीनं, तिची मिडी फाइल, म्हणजे डब्याला कळणाऱ्या सूचनांची फाइल, इंटरनेटवरून उतरवून फ्लॉपीवर घेतली होती. डब्याला ती दिसेचना. फाइलचं नाव फार लांब होतं. ते आठ अक्षरांत बसवलं तेव्हा दिसली. दोन हात दोन वेगळ्या ट्रॅकवर होते. कल्लप्पानं उजवा बंद केला आणि बटण दाबलं.

खोलीत हलगी कडाडली.

"काका, आईंची मिरवणूक काढताय का?" सृष्टी हसत सुटली. "फाइलच खराब दिसतेय."

बाई मात्र हसल्या नाहीत. "राहू दे, कल्लप्पा. खटपट केलीस, तेवढं पुरे. मी कळवते त्यांना."

"बाई, पाच मिनिटं थांबा."

त्यानं पुन्हा लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. आवाज हलगीचा, पण चाल वरातीची नव्हती. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, अगदी संथ. तरुणपणी तो चादरीच्या कारखान्यात नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून द्यायचा. एकदा हिरवा मोर लाल उतरला आणि सगळे त्याच्यावर धावून आले. कार्ड बरोबर होतं. मागावर धागाच दुसरा चढला होता.

"फाइल चांगली हाय!" तो ओरडला. "कीबोर्डात एकेका वाद्याला एकेक चॅनेल असतो. आमच्या पार्टीत दोन नंबरच्या चॅनेलवर कायम हलगी. वरातीत घाई नको म्हणून मीच ती कीबोर्डात लावून ठेवलीय. अन् बाईंचा डावा हात नेमका तितंच जाऊन बसलाय."

"म्हणजे चूक तुमचीच?"

"माझीच की!" तो इतक्या आनंदानं म्हणाला, की बाईंनाही हसू फुटलं.

हलगी काढून पियानोचा आवाज लावायला अर्धं मिनिट लागलं. बाई कीबोर्डपुढे बसल्या. आठ-दहा ओळींनंतर त्या मागं पडल्या.

"हा थांबत नाही रे माझ्यासाठी."

"त्याला कुटं कळतंय, बाई. मी सांगतो त्याला." त्यानं वेग थोडा उतरवला.

या वेळी दोन्ही हात शेवटच्या सुरावर एकदमच पोचले. बाईंनी उजवा हात पट्ट्यांवरून उचलला.

"उद्या किती वाजता येतोस न्यायला?"

"नऊला येतो, बाई," कल्लप्पा म्हणाला आणि त्यानं डब्यातली फ्लॉपी काढून जपून खिशात घातली.