उजवा सरळ, डावा थोडा बाकदार

आमची आत्या शाळेत पीटी शिकवायची. तिचे पाय लहानपणापासून बाहेरच्या बाजूला बाकदार, म्हणून मुलांनी नाव पाडलं होतं 'कमानबाई'. "ताठ उभे राहा!" असं ती ओरडली की मागच्या रांगेत खसखस पिकायची. "पाठ ताठ म्हटलंय, पायांचं बोललेच नाही," असं म्हणून तीही हसायची.

निवृत्तीनंतर दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला. आधी उजवा बदलला. एक्स-रेत पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टीने आखल्यासारखा दिसत होता. माझी आई खूश. "वन्सं, बघा तरी, कसा सरळसोट झालाय!"

दुखणं गेलं, पण आत्याला तो पाय आपला वाटेना. गुडघा वाकवताना आतल्या बाजूला ताण यायचा, पुढे जायचंच नाव नाही. रोजच्या व्यायामाने थोडा सैलावला, तेवढाच. जिना उतरताना दोन्ही पाय प्रत्येक पायरीवर टेकवावे लागत.

तिने सर्जनना सरळच विचारलं, "सांधा चुकीचा बसलाय का?"

"नाही, नीट बसलाय. पण तुमच्या गुडघ्याचे स्नायुबंध जन्मभर बाकाला सरावलेले. मी पाय सरळ केला, ते त्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही."

"मग डाव्याचं काय?"

"त्यात तुमचा थोडा बाक ठेवता येईल. जास्त ठेवला तर नव्या सांध्याच्या एकाच बाजूवर भार पडेल. आणि वाकेलच अशी हमी मी देणार नाही."

घरी आई म्हणाली, "एक सरळ, एक वाकडा? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय गं सगळं," आत्या म्हणाली. मग मला हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला हा सरळ पाय आवडतो. आरशात बघत बसते मी. सबंध आयुष्यात असा पाय मिळाला नव्हता." बराच वेळ ती मांडीवरून हात फिरवत राहिली. "पण बघायला एक पुरे. दुसरा वाकायला हवा."

डाव्यात थोडा बाक ठेवला. तो लवकर मोकळा झाला. उजवाही पुढे बराच सुधारला, तरी त्याची बरोबरी काही जमली नाही. परवा तिने सायकल काढली. डावा पाय पेडलबरोबर पुरता फिरला, उजवा वर येताना अडला. ती उतरली, सीट दोन बोटं वर केली, आणि पुन्हा बसून भाजी आणायला निघून गेली.