उत्सर्जन, पंचवीस टक्के

इंदिरानगरातल्या श्रीयश व्यापारी संकुलात भागीबाई इमारतीच्याही आधी आली. चौऱ्याण्णव साली नवऱ्याबरोबर घोटीकडून नाशकात उतरली, तेव्हा तिथं नुसता पायाचा खड्डा होता. चारही मजल्यांच्या विटा तिनं डोक्यावरून वर नेल्या. इमारत उभी राहिली, गिलाव्याची माणसं पांगली, नवरा पुढच्या साइटवर गेला तो तिकडच्याच एका बाईकडं राहिला, आणि भागीबाई झाडू हातात घेऊन इथंच टिकली. नवऱ्याचा विषय निघाला की म्हणायची, गेला ते बरं झालं, एका माणसाचं झाडायचं तरी कमी झालं.

संकुलात वकील होते, विमावाले होते, दातांचे डॉक्टर होते. भागीबाईला सगळ्यांची नावं ठाऊक नव्हती, पण कोण कसा आहे ते पक्कं ठाऊक होतं, कारण मजल्यामजल्यावरचे संडास तीच धुवायची. टाय लावून जिना चढणारा माणूस आत गेल्यावर पाणीसुद्धा टाकत नाही, हे ज्याला रोज सकाळी कळतं त्याला कुणाचा वचक राहत नाही. तिलाही राहिला नव्हता.

संडास चार, मजल्याला एक. सुरुवातीला चारही पुरुषांचे, कारण नकाशा काढणाऱ्याला बायका कामावर येतील असं वाटलंच नव्हतं. भागीबाई बिल्डरच्या ऑफिसाच्या पायरीवर आठ दिवस ठाण मांडून बसली, तेव्हा कुठं दुसऱ्या मजल्यावर ‘महिला’ अशी पाटी लागली. त्या एका दाराची ती इतकी निगा राखायची की देवघराचीही कुणी राखत नसेल.

दोन हजार चार साली संकुलाला नटायची हौस आली. समोरच्या सगळ्या खिडक्या निळ्या काचेनं मढवल्या. वारा बंद झाला, म्हणून एसी आले. उजेड बंद झाला, म्हणून भर दुपारी ट्यूबलाइट लागल्या. भारनियमनात दोन्ही बंद पडायचे, म्हणून पार्किंगमध्ये जनरेटर आला. तो सुरू झाला की काळा धूर जिन्यानं वर चढायचा आणि दुकानदार नाकाला रुमाल लावून म्हणायचे, बिल्डिंग आता कशी एकदम मुंबईसारखी वाटते.

दोन हजार आठ साली एक पत्र आलं. शहराची पालिका आणि पुण्याची ‘हरितश्वास’ नावाची सेवाभावी संस्था यांच्या संयुक्त विद्यमाने मोहीम निघाली होती. व्यापारी इमारतींनी आपले उत्सर्जन किमान पंचवीस टक्क्यांनी कमी करावे, संस्थेचे प्रतिनिधी पाहणीस येतील, आदर्श इमारतीचा सत्कार होईल. कागद मूळचा इंग्रजी होता. मराठी कुणी केलं ते देव जाणे, पण करणाऱ्यानं शब्दकोशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

संकुलाचे सेक्रेटरी होते निवृत्ती सर. शाळेतून मुदतीआधीच निवृत्त होऊन त्यांनी तिसऱ्या मजल्यावर दहावीच्या विज्ञानाचे क्लास काढले होते. बैठकीत पत्र वाचल्यावर उत्सर्जन म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. पंचवीस वर्षं शिकवलेला धडा! सरांनी डोळे मिटून सांगितलं की शरीरातले टाकाऊ पदार्थ बाहेर टाकणे म्हणजे उत्सर्जन, त्याचं मुख्य इंद्रिय वृक्क म्हणजे मूत्रपिंड, आणि वृक्काची आकृती परीक्षेला हमखास येते. विमावाल्यांना शंका आली की पालिकेला याच्याशी काय करायचं आहे. सर म्हणाले, ड्रेनेजवर ताण पडतो, त्यांना नाही तर कुणाला?

पुढचं गणित सोपं होतं. चार संडासांपैकी एक बंद केला की बरोबर पंचवीस टक्के. कुठला, यावरही फार चर्चा झाली नाही. बैठकीला अकरा पुरुष होते, आणि महिलांचा सगळ्यांत कमी वापरात असतो याबद्दल अकराही जणांची खात्री होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते काही खोटं नाही. आमच्या नाशकात तर सोमेश्वर गंगापूर रोडलाच आहे, त्यामुळं बंबाला फार लांब जावंही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं, वर पाटी चिकटली: ‘उत्सर्जन कपातीसाठी बंद’. किल्ली सरांच्या खिशात गेली. कुणी परस्पर दार उघडलं तर त्याला संकुलात पाय ठेवू देणार नाही, हे त्यांनी भागीबाईकडे बघतच बजावलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांकडे टायपिंग करणारी छाया तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. तिनं दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी पाणी प्यायचंच सोडलं. क्लासच्या मुलीही घरून पाणी न पिता यायला लागल्या. वृक्काचं कार्य पाठ म्हणताना त्यांची तोंडं कोरडी पडायची. भागीबाईनं छायाचे सुजलेले पाय पाहिले आणि ती सरांकडे गेली. सरांनी तिला, शहर वाचवायचं तर त्याग करावा लागतो, असं समजावलं. शहर वाचवण्यासाठी एवढ्या माणसांत नेमकी ही पोरगीच कशी सापडली, हे काही तिला कळलं नाही. तिचा नुसता संताप झाला.

पंधरा दिवसांनी हरितश्वासची मनाली नावाची मुलगी पाहणीला आली. जीन्स, पाठीवर सॅक, हातात मोजणीचं यंत्र. सकाळपासून तिनं काचा मोजल्या, एसी मोजले, मीटर लिहून घेतले. प्रत्येक गाळ्यात चहा झाला, कुठं उसाचा रसही झाला. मागनं सर सांगत होते की पंचवीस टक्के आम्ही एका दिवसात केलं, आणि ती कौतुकानं मान डोलवत होती. दुपारी एकच्या सुमाराला तिची मान डोलायची थांबली. तिनं भागीबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मावशी, वॉशरूम कुठंय?”

“तुमच्याच कागदानं बंद केलीय,” भागीबाई म्हणाली, आणि तिला दारापुढं नेऊन उभी केली.

मनालीनं पाटी वाचली. आधी तिला हसू फुटलं, पण हसणं परवडण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती. घाईघाईनं तिनं सरांना सांगितलं की उत्सर्जन म्हणजे धूर, कर्बवायू, एसीला लागणाऱ्या विजेचा नि जनरेटरच्या डिझेलचा वायू. सर बधले नाहीत. धुराला मराठीत धूर म्हणतात, असं ते ठामपणे म्हणाले, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही होते. पण पाहुणीचा चेहरा पाहून त्यांनी पाहुणचार म्हणून किल्ली काढली आणि भागीबाईच्या हातावर ठेवली.

मनाली आत जाऊन आली. सरांनी किल्लीसाठी हात पुढं केला.

“छाया जाऊन येऊ द्या,” भागीबाई म्हणाली.

छाया गेली. तेवढ्यात क्लास सुटला, आणि सरांच्याच विद्यार्थिनी जिन्यावरून खाली येऊन छायाच्या मागं उभ्या राहिल्या. रांग जिन्यापर्यंत गेली. सर हात पुढं करून उभे होते. स्वतःच्या क्लासच्या मुलींना कुठल्या तोंडानं हटकायचं ते त्यांना सुचेना, आणि थोड्या वेळानं हातही दुखायला लागला.

“घ्यायची तर घ्या,” भागीबाई किल्ली कमरेला खोचत म्हणाली. “पण मंग या पोरींना तुमीच सांगा, आजपासून मुतू नका म्हनून. मला नाय जमायचं.”

सर वर निघून गेले. संध्याकाळी तिला कामावरून काढायची बैठक बसली. ती अर्धा तास चालली, आणि पुरुषांचे उरलेले तीन कोण धुणार, या प्रश्नावर बरखास्त झाली. एसी, काचा आणि जनरेटर हे विषय वेळेअभावी पुढे ढकलले.

महिन्याअखेरीस संस्थेचा फॉर्म भरायचा होता. सरांनी मजकूर दिला, छायानं टाइप केला. संडासापाशी जाऊन तिनं तो भागीबाईला वाचून दाखवला: “उत्सर्जनात प्रारंभी पंचवीस टक्के घट झाली होती. तथापि सफाई कर्मचारी भागीबाई यांच्या आडमुठेपणामुळे ते पूर्ववत झाले.”

“मावशी, हे पालिकेत जाणार,” छाया म्हणाली. “मी तुमचं नाव गाळू का? सर परत वाचत नाहीत.”

भागीबाईनं फरशीवर पाण्याची बादली ओतली.

“नगं गाळू,” ती म्हणाली. “बायांची सोय कोनी केली, ते कुटं तरी लिवलेलं असू दे.”