शुक्रवारचा हातोडा

शुक्रवारी भिवंडीतल्या एखाद्या बंद कारखान्यातून हातोडा ऐकू आला, तर तुम्ही काय समजाल?

रामदासकाका दुरुस्ती समजले. इथला कुणीही तेच समजला असता. शुक्रवार म्हणजे लूमची, यंत्रमागांची सुट्टी, सगळी ठोकठाक त्याच दिवशी.

काकांची उमर त्या एका कारखान्यात लूम चालवण्यात गेली. खडखडाटात कान गेले, बोलणं ओरडून व्हायला लागलं. कारखाना बंद पडला तसे पूर्णा गावच्या गोदामात वॉचमन झाले. "तिकडं सगळं खोक्यात. आत काय हाय, कुणाला ठाव," म्हणायचे. घर मात्र अजून कारखान्याच्या भिंतीला लागूनच.

आम्ही सायकली काढून असे मरणाला टेकलेले कारखाने बघायला जातो. काही जण नुसते फोटो काढायला येतात, माझं डोकं फिरतं. या वेळी काकांच्या जुन्या कारखान्याच्या शेठने कबूल केलं होतं, शनिवारी काका एक लूम चालवून दाखवतील. चार लोकांनी ती चालताना बघितली तर तेवढी एक तरी वाचवा म्हणता येईल, हीच काकांची आशा. धाग्याची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा त्यांनी घरी तेल लावून ठेवला होता.

शुक्रवारी भिंत हादरायला लागली. चंपाकाकू म्हणाल्या, "जरा बघून या."

"बघायचं काय? शेठ उद्यासाठी लूम नीट करून घेतोय."

"त्याने आपल्यासाठी कधी खिळा तरी ठोकलाय?"

"तू चहा टाक."

शनिवारी आमच्या सायकली दारात लागल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे. शटर उघडंच होतं. आत फरशीवर तेलाचे डाग आणि उखडलेले बोल्ट. एक भंगारवाला उरलंसुरलं गोणीत भरत होता.

"लूम किधर है?" मी विचारलं.

"कल तोड के ले गए. किलो के भाव."

मी त्याची गचांडी धरली. काकांनी माझा हात सोडवला. "त्याला कशाला धरतो? त्याचं पोट हाय."

मग ते आपल्या लूमच्या जागेवर जाऊन उभे राहिले. खिशातला धोटा काढला, ठेवायला काही दिसेना, परत खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले, "काल भिंतीला पाठ लावून बसलो होतो रे. खूश होतो."

फेरी तिथेच मोडली. पुढे कुणी सायकलवर बसलंच नाही.

तुमच्या गल्लीत शुक्रवारी हातोडा वाजला, तर चहा टाकायला सांगू नका. पायात चप्पल घाला आणि आत जाऊन बघा.