अँटेना हैदराबादकडं

खटकचिंचोळीत आम्ही पहिल्यांदा बीदरहून व्हीसीआर भाड्यानं आणला, तेव्हा टीव्हीवर नुसत्या मुंग्याच दिसायल्या. चित्र बिघडलं की अँटेना हैदराबादकडं वळवायची, एवढंच आमच्या घराला ठाऊक. माझे वडील, अप्पा, लगेच माळवदावर चढले. कॅसेटला अँटेना लागतच न्हाई, हे कुणाच्याच डोक्यात आलं न्हाई. खाली आई टीव्हीचं एकेक बटण फिरवून बघायली. एकदम चित्र आलं.

वरून अप्पांनी विचारलं, "आलं का?"

"व्हय, आलं. आता हलवू नगा," आई म्हणाली.

पुढं अप्पांना खरं काय ते कळलं. तरी व्हीसीआर आला की ते माळवदावर चढायचेच, आणि अँटेनाला हातसुद्धा न लावता आईच्या हाकेची वाट बघत बसायचे.