हिरवी चिठ्ठी, पांढरी चिठ्ठी

मामाला जाऊन महिना होईल आता. माणूस काय करायचा विचाराल तर बंदरावरच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या लावायचा, तीस वर्षं. ऐकायला एवढंसंच वाटतं.

बाहेरच्या देशांतून आलेला माल मामाच्या गोदामात उतरायचा. श्रीमंत देशातला असला तर मामा त्याच्यावर पांढरी चिठ्ठी लावायचा, विकसनशील देशातला असला तर हिरवी. विकसनशील म्हणजे काय हो, असं मामीने लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं. मामा म्हणाला, "अजून वर यायचेत ते."

"म्हणजे आपल्यासारखे," मामी म्हणाली.

वर्ष संपलं की ऑफिसवाले चिठ्ठ्या मोजायचे आणि शंभरातली किती खोकी हिरवी निघाली ते वर कळवायचे. मामा लागला तेव्हा शंभरात वीस हिरवी होती. वाढत वाढत साठ झाली. मामाची छाती अशी फुगायची, जसं काही त्यानेच त्या सगळ्या देशांना हाताला धरून वर आणलं.

कुठला देश हिरवा, कुठला पांढरा, त्याची यादी भिंतीवर टांगलेली असायची. मामा तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. सगळं तोंडपाठ. खोक्याची दोरी बघूनच सांगायचा कुठनं आलंय ते. दुहेरी गाठीची बुटांची खोकी दिसली की हात आपोआप हिरव्या गठ्ठ्याकडे जायचा. तिथेच घोळ झाला.

मामाच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, सुरुवातीलाच नवीन यादी आली. शिपाई स्टुलावर चढून ती लावत होता तेव्हा स्टूल धरून मामाच उभा होता. वाचली मात्र नाही. यादी दरवर्षी नवीन यायची आणि दरवर्षी तीच असायची, मग वाचायची कशाला?

मामाच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते तेव्हा मोठे साहेब गोदामात आले. हातात कागद.

"बाकी सगळ्या गोदामांत हिरवा माल साठावरून पंचेचाळिसावर आला. तुमचाच साठ कसा?"

"माल तोच येतोय साहेब."

"माल तोच असेल हो. पण बुटांचा देश आता श्रीमंतांत गेला. यादी बघा."

मामाने यादी बघितली. बुटांचा देश खरंच पांढऱ्यात होता. मामा खोक्याजवळ गेला, परत यादीजवळ आला, परत खोक्याजवळ गेला.

"पण साहेब, गाठ तीच आहे."

"गाठ? कसली गाठ?"

हमालांचा म्होरक्या पोट धरून हसायला लागला. "साहेब, हा गाठ बघून देशाचं भविष्य सांगतो! तुमचंही विचारून घ्या!"

मामा हसला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. बूट तेच, खोकं तेच, शिवणारे हातही तेच असणार. मग मधल्या मधे श्रीमंत झालं कोण?

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "एक करा. नजरचुकीने झालं असं लिहून द्या, मी मिटवून टाकतो. नाहीतर नोकरीच्या पुस्तकात शेरा येईल."

तीस वर्षांत मामाच्या पुस्तकात एक शेरा नव्हता. ते कोरं पुस्तक घेऊन घरी यायचं, एवढी एकच गोष्ट त्याने मनात धरली होती. दोन दिवस तो बुटांच्या शिल्लक खोक्यांवरच्या हिरव्या चिठ्ठ्या खरवडून पांढऱ्या लावत बसला. नखं दुखून आली. तिसऱ्या दिवशी अर्ज लिहिला: यादी आली तेव्हा मी वाचली नाही, सवयीने चिठ्ठ्या लावल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण कागद आला तसा पुढे पाठवावा लागला, आणि शेरा आला.

घरी मामी भडकली. "अहो, दोन शब्द लिहायला काय जात होतं तुमचं?"

"नजर कशी चुकेल गं? मी बघितलंच नव्हतं. चुकलो ते चुकलो."

"मग आता तोंड पाडून का बसलाय?"

"शेऱ्याचं नाही गं. आज चहाच्या टपरीवर सगळे म्हणत होते, गरीब देशांचा माल यायचा कमी झाला म्हणे, पेपरात आलंय. मी म्हटलं, अरे, येतोय की! गोदामात पाय ठेवायला जागा नाही. तर मलाच वेड्यात काढलं."

"मग कमी काय झालं?"

"तेच तर मला कळत नाही."

निवृत्त होऊन सात महिने जगला. ते शेवटपर्यंत त्याला कळलं नाही, आणि शेऱ्याबद्दल त्याने पुन्हा एक शब्द काढला नाही. मामी अजून भाजी निवडता निवडता मधेच थांबते आणि समोर असेल त्याला विचारते, "पण नेमकं कमी काय झालं होतं रे?"