अर्धं डोकं

नाटक हसवायचं होतं. रक्त निघालं ते नंतर. पण त्या दुपारची आठवण निघाली की मला अजून हसू येत नाही, दातओठ खावेसे वाटतात.

आमचं गाव केळापूर तालुक्यात. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हापासून गाव आमच्यावर डूख धरून होतं. गावचा न्हावी आमच्या डोक्याला आधीही हात लावत नसे. आमच्या वस्तीचा वस्तरा लागलेलं डोकं, मग ते कोणाचंही असो, त्याला चालत नसे, तसा गावाचाच दंडक होता. पण माझी थोरली जाऊ पैनगंगेपलीकडून लग्न होऊन आली, ती बापाकडून वस्तरा चालवायला शिकूनच. लिंबाखाली पाट मांडून ती वस्तीतल्या सगळ्या पुरुषांची डोकी करायची. मग न्हाव्याची मिजास सोसायची गरजच नव्हती.

तिच्यावरूनच आम्ही बायांनी नाटक बसवलं. नदीपलीकडून पोट भरायला आलेल्या बाया गावात केस कापायचं दुकान टाकतात, एवढीच गोष्ट. गॅसबत्ती नव्हती, म्हणून खेळ भर दुपारी खळ्यावर ठेवला. सासूबाई धोतर नेसून पाटील झाल्या होत्या. जाऊ खरा वस्तरा परजत म्हणाली, "काहून पाटील, डोकं खाजून राह्यलं का? मंग लायनीत बसा ना!"

वस्ती हसून हसून लोळत होती. तेवढ्यात पाटलाचा खराखुरा थोरला पोरगा, चांगला लग्न झालेला बाप्या, चार काठीवाले लठैत घेऊन खळ्यात घुसला. "बायकायच्या हातात वस्तरा देता? गावाची इज्जत काढता?" असं ओरडत त्यानं काठी हाणली. ती जावेच्या उजव्या हातावर बसली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा.

मग मी माणसात राहिले नाही. खेळातला पाट उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. तो आडवा पडला. सासूबाई धोतरासकट त्याच्या छातीवर बसल्या, दोघीतिघींनी हातपाय दाबले. बाकीच्या लठैतांना आमच्या पुरुषांनी बडव बडव बडवलं. मी जावेचा वस्तरा घेतला आणि त्याचं डोकं कोरडंच भादरायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच वस्तरा धरला होता. कातडी निघत होती, तो गुरासारखा ओरडत होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. अर्धं डोकं झालं तेव्हा पुरुषांनीच मला ओढून काढलं.

जावेला पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. बोटं बांधून दिली, पण पुन्हा वळतील याचा भरवसा नाही म्हणाले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता वस्तीची डोकी कोन करन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाचा पोरगा डोक्यावर शेला घेऊन एकटाच आमच्या अंगणात उभा. घरी धाकट्या भावाची वरात निघायची होती, आणि न्हाव्यानं दाराशीच हात जोडले होते. वस्तीचा वस्तरा लागलेलं डोकं, गावाचा दंडक, मी कसा मोडू म्हणाला म्हणे.

"बाई, एवढं अर्धं काढून दे," तो जावेला म्हणाला.

जावेनं बांधलेला हात त्याच्यापुढे धरला आणि डाव्या हातानं माझ्याकडे बोट केलं. "हात तं तुनंच मोडला. इच्याजवळून करून घे. इले अजून येत नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरच्या खपल्यांवर त्याचा हात गेला. मग तो लिंबाखालच्या पाटावर बसला.

मी वस्तरा हातात घेतला. मला त्याचा गळाच दिसत होता. जाऊ माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पयले पानी लाव. घाई करू नको. तुले आता वस्तीची डोकी करा लागतीन."

तिची बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. मी शिकले ती त्या डोक्यावर.