सहा महिन्यांची मुदत

"मी मानसं मोजीसन बसाडस, वजन करीसन नही," असं ती म्हणायची. म्हणताना तिकिटाचं मशीन छातीशी घट्ट धरायची आणि डाव्या कोपराने गर्दीत वाट काढायची. नंदुरबार–नवापूर गाडीवर ती कंडक्टर होती. मी तेव्हा नुकताच फिजिओथेरपिस्ट झालो होतो. नंदुरबारला माझं एका खोलीचं क्लिनिक होतं आणि आठवड्यातून दोन दिवस मी नवापूरला जायचो. म्हणजे आठवड्यातून दोनदा तिच्या राज्यातून माझा प्रवास व्हायचा.

एकदा खांडबाऱ्याच्या बाजाराच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ शेजारच्या सीटवर आपली बॅग ठेवून बसला होता. समोर एक कोकणी आदिवासी म्हातारी टोपली सांभाळत उभी. हिने काही न बोलता बॅग उचलली, गृहस्थाच्या मांडीवर ठेवली आणि म्हातारीला बसवलं.

"मला ओळखत नाही का तुम्ही?" तो उसळला.

"वळखस ना. तुम्ही एकच तिकीट काढेल शे."

सगळी गाडी हसली. शेवटी तोही हसला, दुसरं करणार काय!

बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. सपाटीवरच्या लोकांशी अहिराणी, नवापूरकडच्या बायकांशी कोकणी, सुरतेच्या कामगारांशी गुजराती, आणि साहेब गाडी तपासायला चढले की शाळेतली शुद्ध मराठी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती एका जागी उभी राहिली तरी तिथे चार गावं बोलत असल्यासारखं वाटतं.

मग काही दिवस गाडीवर दुसराच कंडक्टर दिसू लागला. मला वाटलं, रजेवर असेल. पुढे कळलं की सुट्टीच्या दिवशी ती भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून लग्नाला निघाली होती. महामार्गावर कोंबड्या नेणाऱ्या एका पिकअपने धक्का दिला. भावाला खरचटलं. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सुरतेला नेलं. मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काही काळ काढून ठेवला. ती वाचली.

अपघातानंतर चार महिन्यांनी ती माझ्या क्लिनिकमध्ये आली, मुलीच्या खांद्यावर हात टाकून. मुलगी वैशाली तेव्हा लोणखेड्याच्या कॉलेजात शिकत होती. वडील लहानपणीच गेलेले, घरात या दोघीच. आईचा उजवा हात पोटाशी दुमडून बसला होता. पाय ओढत होता. आणि बोलणं गेलं होतं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "नही."

पाणी हवं, नही. पाणी नको, नही. वैशालीला जवळ बोलवायचं, नही. राग, लाज, शाबासकी, सगळ्याला नही. फक्त सूर बदलायचा. वैशालीला ते सूर ओळखू यायला लागले होते. "या 'नही'चा अर्थ पंखा लावा," असं ती मला सांगायची आणि आई मान हलवून दुजोरा द्यायची, "नही."

कॉलेजात शिकलेलं मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "ताई, जे यायचं ते साधारण सहा महिन्यांत येतं. त्यानंतर फार आशा धरू नका. दोन महिने आहेत, करू प्रयत्न."

तिने माझ्याकडे पाहिलं. बॅग उचलताना त्या गृहस्थाकडे पाहिलं होतं, तसंच. आणि म्हणाली, "नही."

त्या 'नही'चा अर्थ मला वैशालीने सांगावा लागला नाही.

खरं सांगतो, मी ओशाळलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट नसताना बसून अलीकडचं वाचायला घेतलं. कॉलेज सोडल्यापासून मी नवं काही वाचलंच नव्हतं. वाचता वाचता लक्षात आलं की माझी सहा महिन्यांची मुदत आता कुणी इतक्या ठामपणे सांगत नाही. मेंदूचा मेलेला भाग परत उगवत नाही, हे खरंच. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, हेही खरं. पण आजूबाजूचा शाबूत भाग पुढे वर्षानुवर्षं थोडं थोडं शिकत राहू शकतो. त्याला भरपूर सराव लागतो, आणि तोही रोजच्या खऱ्या कामांचा. कुणाला किती फायदा होईल हे मात्र आधी सांगता येत नाही. काहींना फारसा होतही नाही.

पुढच्या भेटीत मी हे सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. "आणि मागच्या वेळी मी चुकीचं बोललो," हेही सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसली.

मग आम्ही तिचा चांगला हात बांधायला सुरुवात केली. दुखऱ्या हाताची बोटं थोडी हलायला लागली होती. अशा वेळी चांगल्या हाताला रोज काही तास पिशवी घालून गप्प बसवायचं, म्हणजे दुखऱ्याला काम करण्यावाचून सुटका राहत नाही. दोन-तीन तास पुरे, असं मी सांगितलं होतं. तिने सकाळपासून दुपारपर्यंत बांधला. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत पोचायला इतका वेळ लागायचा की भाजी गार व्हायची. अर्धी भाजी पदरावर. वैशाली भरवायला गेली की आई तोंड फिरवायची.

गल्लीत बोभाटा झाला. शेजारच्या जिजी वैशालीला रागावल्या, "काय करी ऱ्हायनी तू? आजारी मायना हात बांधी ठेवस? लाज नही वाटस?" वैशाली रडायला लागली. तेवढ्यात पाय ओढत ओढत ती स्वतः दारात आली. पिशवीत बांधलेला हात वर केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "नही!" जिजी घरात गेल्या. तासाभराने त्यांनीच ताकाचा तांब्या पाठवला.

सगळेच दिवस असे नव्हते. एकदा ती सलग तीन आठवडे आलीच नाही. मी घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडली होती. वैशाली म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वी माय बाजारात गेली होती. कुणीतरी तिच्याच समोर म्हणालं, बिचारी वेडी झाली." मी बराच वेळ बसलो. निघताना एवढंच म्हणालो, "ताई, मंगळवारी अकराची वेळ तुमचीच आहे. दुसऱ्या कुणाला देणार नाही." दोन मंगळवार ती खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या मंगळवारी ती पावणेअकराला येऊन बसली होती.

बोलण्याचे उपचार करणारं आमच्या जवळपास कुणी नव्हतं. पुण्याच्या एक बाई व्हिडिओ कॉलवर शिकवायच्या. त्यांनी विचारलं, "हजारो वेळा तोंडातून गेलेलं असं यांचं काय आहे? गाणं, आरती, पाढे? ते कधीकधी मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतं."

वैशालीने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मी फळीवर दोनदा टकटक केलं आणि कंडक्टरच्या चालीवर ओरडलो, "चला, नंदुरबार..."

ती डोळे मिटून थांबली. आणि मग, अगदी त्याच जुन्या चालीत, "खांडबाराऽऽ..."

वैशालीने तोंडावर हात ठेवला. "खांडबाराऽऽ... वि... वि..."

पुढे येईना. विसरवाडीच विसरली होती. ते आधी तिच्याच लक्षात आलं. ती हसायला लागली, मग वैशाली, मग मी, आणि फोनवरच्या पुण्याच्या बाई विचारत राहिल्या, काय झालं, काय झालं. गाडी नवापूरला पोचायला आणखी अकरा दिवस लागले.

त्या वाटेने एकेक शब्द येत गेला. वाक्य मोडकं, पण तिचं. क्रियापद सापडायचं नाही, 'तुम्ही' तर अजिबात सापडायचं नाही. सगळ्या जगाला ती एकेरीत बोलायची.

अपघाताला सव्वा वर्ष होत आलं तेव्हा नोकरीचं पत्र आलं. डॉक्टरांसमोर तपासणी होणार, कामाला लायक नसेल तर घरी. वैशालीने मलाही बरोबर नेलं. टेबलापलीकडच्या डॉक्टरांनी फाईल चाळली आणि वैशालीला विचारलं, "यांना समजतं का?"

वैशाली उत्तर देणार एवढ्यात आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. उजवा हात. मग डॉक्टरांकडे वळून एकेक शब्द ओढून काढला.

"माले... विचार."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. वैशाली घाईने म्हणाली, "सर, माफ करा, तिला अहोजाहो येत नाही आता." मला मात्र त्या दिवशी तिच्या एकेरीबद्दल जरा शंकाच आली.

डॉक्टर माणूस बरा होता. त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आज वार कोणता?"

"बुध..." ती थांबली. मान हलवली. मग बोटांवर मोजत, "सोमवार... मंगळवार," आणि तिथे बोट घट्ट धरून ठेवलं. "मंगळवार."

"गाडीवर काम जमेल?"

खोटं बोलणं तिला सहज शक्य होतं, त्याला एकच शब्द लागला असता. "गाडी... हालस. मी... पडसू." मग टेबलावर हात आपटून, "बसीसन... जमी. घर... बसाव नही."

तिला बसस्थानकाची चौकशी खिडकी मिळाली. गाडीवरचं काम सुटलं म्हणून तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी युनिफॉर्मला इस्त्री करून कामावर गेली.

बोलणं हरवलेल्या बाईला चौकशीच्या खिडकीत कुणी बसवलं, म्हणून आधी लोक हसले. एकदा मी रांगेत होतो. पुढचा तरुण चुळबुळत म्हणाला, "बाई, लवकर सांगा, गाडी जाईल."

"गाडी... जाई," ती शांतपणे म्हणाली. "दुसरी... येई. तू... थांब."

तो थांबला. तिने वेळापत्रकावर बोट ठेवलं, शब्द शोधला आणि वेळ अचूक सांगितली. वर्षभरात त्या खिडकीपुढची रांग नंदुरबारातली सगळ्यात शांत रांग झाली. डोंगराकडून येणारी माणसं, ज्यांना प्रमाण मराठी नीट येत नाही, ती तर मुद्दाम तिच्याच खिडकीवर जायची. तिथे अडखळण्याची लाज वाटायची नाही.

गेल्या वर्षी वैशालीला सुरतेला नोकरी लागली. आईने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघी गेल्या. मंगळवारचे अकरा वाजले की अजूनही माझी मान दाराकडे वळते.

परवाच्या रविवारी सुरतेहून, वैशालीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास. मी फोन ठेवणारच होतो, मग ताईच असेल असं वाटून थांबलो. तिने आजवर कधी फोन केला नव्हता. फोनवर ना हातवारे दिसतात ना चेहरा. तिच्यासारख्यांना ते सगळ्यात अवघड.

"भाऊ," अखेर आवाज आला.

"बोला ताई. मला घाई नाही."

"अथं... भाकर... कच्ची."

"सुरतेची भाकरी? मग तुम्हीच करा."

"करस." मोठा श्वास. "दोन... हातघाई."

दोन हातांनी. मी खुर्चीत सरळ बसलो. मग तिने नवा शब्द शोधायला घेतला. मी ऐकत राहिलो. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"अथं... नवा डॉक्टर. तो सांगे..." शब्द निसटला, परत पकडला. "सांगे, आते... पुढे... काहीच व्हवाव नही."

"मग हो ताई?"

पलीकडे कुकरची दुसरी शिट्टी झाली. मग सबंध वाक्य आलं, न अडखळता, अपघातानंतरचं मी ऐकलेलं पहिलं.

"मंग मी डॉक्टर बदली टाका."

आणि तिने फोन ठेवून दिला.